शर्यतीच्या मोटारींचे इंधन : मिथेनॉल, नायट्रोमिथेन ते शाश्वत पेट्रोल

मोटार शर्यतीतील गाड्या नेमक्या कशावर धावतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. विमानाचे इंधन, रॉकेटचे इंधन, कुठले तरी गुप्त रसायन अशी उत्तरेही ठामपणे दिली जातात. वस्तुस्थिती अशी की, व्यावसायिक शर्यतींचे असे एकच इंधन नाही. फॉर्म्युला वनची गाडी पेट्रोलवर्गीय इंधनावर धावते, अमेरिकेतील इंडियानापोलिसची गाडी इथेनॉलवर, तर सरळ रेषेत काही सेकंदांत संपणाऱ्या ड्रॅग शर्यतीतील सर्वात वेगवान गाडी नायट्रोमिथेनवर. फ्रान्समधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीवर काही वर्षे चक्क डिझेलचे राज्य होते.

यातील कोणतेही इंधन केवळ 'सर्वात ताकदवान' म्हणून निवडले गेलेले नाही. शर्यतीचे नियम ज्या गोष्टीवर मर्यादा घालतात, त्या मर्यादेत अधिकाधिक काम करून देणारे इंधन अभियंते शोधतात. ते सापडले, की नियमकर्ते नवी मर्यादा घालतात. इंजिनाचा आकार, आगीचा धोका, टाकीतील लिटर आणि आता इंधनातील कार्बनचा उगम, असा या मर्यादांचा प्रवास आहे. शर्यतीच्या इंधनाचा इतिहास म्हणजे याच पाठशिवणीच्या खेळाचा इतिहास होय.

हवेचे गणित

इंजिनाची ताकद इंधनाने ठरते, हा समज अर्धाच खरा आहे. इंधन जळण्यासाठी प्राणवायू लागतो आणि तो हवेतून मिळतो. टाकीतून हवे तेवढे इंधन सिलिंडरमध्ये सोडता येते. परंतु सिलिंडरमध्ये मावणारी हवा मर्यादित असते. त्यामुळे एक किलो इंधनात किती ऊर्जा आहे, यापेक्षा एक किलो हवेच्या साह्याने किती ऊर्जा मिळवता येते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलो, मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा असते. इथेनॉलमध्ये २७, मिथेनॉलमध्ये २० आणि नायट्रोमिथेनमध्ये जेमतेम ११. वरवर पाहता पेट्रोल सरस वाटते. परंतु हवेच्या हिशेबाने भागाकार केला, की पेट्रोल, इथेनॉल आणि मिथेनॉल ही तिन्ही इंधने प्रति किलो हवेमागे सुमारे तीन मेगाज्यूलवर येतात आणि नायट्रोमिथेन सुमारे साडेसहावर पोहोचते.

दुसरा घटक ऑक्टेन अंकाचा. ऑक्टेन म्हणजे इंधनाची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढल्यावर इंधनाने ठिणगीची वाट न पाहता स्वतःहून पेट घेऊ नये, यासाठीची त्याची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. ती कमी पडली, की सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होतात, इंजिन 'नॉकिंग' करू लागते आणि प्रसंगी पिस्टनला भोक पडते. ऑक्टेन अंक जितका जास्त, तितका अधिक दाब देता येतो आणि ताकद मिळते ती या दाबातून.

तिसरा घटक थंडाव्याचा. मिथेनॉलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. वजनाच्या हिशेबाने पेट्रोलच्या सुमारे तिप्पट. थंड हवा आकुंचन पावते आणि सिलिंडरमध्ये अधिक मावते. अल्कोहोलवर्गीय इंधनांची शर्यतीतील लोकप्रियता प्रामुख्याने या गुणामुळे आहे.

लिटरला अर्धा किलोमीटर!

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही ग्रां प्री शर्यतींत मिथेनॉलमिश्रित इंधनांचा बोलबाला होता. १९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हा अल्फा रोमिओच्या सुपरचार्जर लावलेल्या अवघ्या दीड लिटरच्या इंजिनांनी मैदान गाजवले. हवा दाबून भरणाऱ्या या इंजिनांना थंड ठेवण्यासाठी मिथेनॉलचा अक्षरशः वर्षाव करावा लागे. १९५१ पर्यंत ही गाडी एका लिटरमध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर धावत होती.

याच भुकेने तिचा घात केला. १४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोन येथे झालेल्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये फेरारीने सुपरचार्जर नसलेले साडेचार लिटरचे इंजिन उतरवले. त्याची ताकद थोडी कमी, पण भूक बरीच कमी होती. इंधन भरण्यात अल्फाच्या हुआन मॅन्युएल फांजिओचा अधिक वेळ गेला आणि अर्जेंटिनाच्याच होसे फ्रोइलान गोन्झालेस याने फेरारीला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पहिला विजय मिळवून दिला. वेगवान गाडीसुद्धा इंधनापायी हरू शकते, हा धडा त्या दिवशी मिळाला.

१९५८ मध्ये फॉर्म्युला वनने अल्कोहोलयुक्त मिश्रणांवर बंदी घालून विमानांसाठीचे पेट्रोल सक्तीचे केले. शर्यतींचे अंतरही कमी करण्यात आले. इंधन कमी लागू लागल्याने टाक्या लहान झाल्या आणि छोट्या, हलक्या गाड्यांना संधी मिळाली. त्याच वर्षी जानेवारीत अर्जेंटिना ग्रां प्रीमध्ये स्टर्लिंग मॉसने मागे इंजिन असलेली चिमुकली कूपर पिटमध्ये न थांबता पळवून जिंकली. पुढील काही वर्षांत सर्वच गाड्यांची इंजिने चालकाच्या मागे गेली. त्यात इंधनाच्या नियमाचाही वाटा होता.

आगीने बदललेले इंधन

अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० या शर्यतीचे इंधन मात्र एका भीषण दुर्घटनेने बदलले. ३० मे १९६४ रोजी शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आदळली आणि पेट्रोलचा भडका उडाला. मागून येणारा एडी सॅक्स त्या ज्वाळांमध्ये शिरला. दोघांचाही मृत्यू झाला. अपघातामुळे ही शर्यत थांबवावी लागण्याची ती पहिलीच वेळ होती. या घटनेनंतर नियम बदलले आणि इंडियानापोलिसच्या गाड्या पेट्रोलकडून मिथेनॉलकडे वळल्या.

मिथेनॉल पेट्रोलच्या तुलनेत सहजासहजी पेट घेत नाही. ते पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याची आग पाण्याने विझवता येते. पेट्रोल मात्र पाण्यावर तरंगत पसरत जाते. मिथेनॉलच्या आगीतून काळा धूर निघत नसल्याने मागून येणाऱ्या चालकांची दृष्टी अडत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. एक लिटर मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्मीच ऊर्जा असते. म्हणजे तेवढ्याच अंतरासाठी दुपटीने इंधन वाहावे लागते.

मिथेनॉलचा दुसरा दोष अधिक भयंकर आहे. त्याची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. १९८१ च्या शर्यतीत रिक मियर्स पिटमध्ये असताना इंधन सांडून पेटले. तो आणि त्याचे सहकारी जळत होते आणि आजूबाजूच्यांना काही क्षण काय घडते आहे हेच उमगले नाही. मियर्सच्या चेहऱ्यावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली.

इंडीकार मालिकेने २००६ मध्ये मिथेनॉलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळले आणि २००७ मध्ये संपूर्णतः इथेनॉलचा स्वीकार केला. २०१२ पासून ८५ टक्के इथेनॉलचे मिश्रण आले. २०२३ पासून या मालिकेत शेल कंपनीचे शंभर टक्के नूतनीकरणक्षम इंधन वापरले जाते. त्यातील इथेनॉल प्रामुख्याने उसाच्या टाकाऊ भागापासून तयार केलेले, म्हणजे 'दुसऱ्या पिढीचे' आहे.

नायट्रोमिथेन : स्वतःची हवा घेऊन येणारे इंधन

नायट्रोमिथेनच्या रेणूमध्येच प्राणवायू असतो. त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या आठपटीहून अधिक इंधन जाळता येते. अमेरिकेतील टॉप फ्युएल वर्गात जास्तीत जास्त ९० टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेले मिथेनॉल असे मिश्रण वापरण्यास मुभा आहे. सुमारे ८.२ लिटरचे सुपरचार्जर असलेले आठ सिलिंडरचे इंजिन त्यातून सुमारे ११ हजार अश्वशक्ती निर्माण करते. गाडी चार सेकंदांच्या आत ताशी ५३० किलोमीटरचा वेग ओलांडते आणि टायर तापवण्यापासून शर्यत संपेपर्यंत ४५ ते ५५ लिटर इंधन फस्त करते. प्रत्येक फेरीनंतर इंजिन उघडून पुन्हा जुळवावे लागते.

या इंधनावर १९५७ मध्ये ड्रॅग शर्यतींच्या अमेरिकी संघटनेने बंदी घातली होती. काही वर्षांनी ती उठली. धोका मात्र संपलेला नाही. जून २००८ मध्ये इंग्लिशटाऊन येथे याच इंधनावर चालणाऱ्या 'फनी कार' वर्गातील स्कॉट कॅलिटा याचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर नायट्रोमिथेनवरील गाड्यांसाठी पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची धावपट्टी १ हजार फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणण्यात आली. इंधन तेच राहिले, अंतर कमी झाले.

लिटर मोजले, तर टोल्युईन आले

१९८० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरच्या टर्बो इंजिनांची चलती होती. त्यांची ताकद आवरण्यासाठी १९८४ मध्ये शर्यतीदरम्यान इंधन भरण्यास मनाई करण्यात आली आणि संपूर्ण शर्यतीसाठी २२० लिटरची मर्यादा आली. १९८६ मध्ये ती १९५, तर १९८८ मध्ये टर्बो गाड्यांसाठी १५० लिटर झाली. परिणामी शर्यतीत काटकसरीचे नाट्य सुरू झाले. १९८५ च्या सॅन मारिनो ग्रां प्रीमध्ये आघाडीवर असलेल्या आयर्टन सेनाच्या गाडीतील इंधन शर्यत संपण्यापूर्वीच संपले. १९८६ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये अ‍ॅलन प्रॉस्ट इंधनाअभावी बंद पडलेली गाडी अंतिम रेषेकडे ढकलताना जगाने पाहिला.

मर्यादा लिटरची होती, किलोची नव्हती. अभियंत्यांनी नेमकी हीच फट हेरली. काही संघांनी इंधन गोठणबिंदूच्या दिशेने थंड केले. थंड द्रव आकुंचन पावतो आणि तेवढ्याच टाकीत अधिक मावतो. काहींनी रसायनशास्त्राचा आधार घेतला. टोल्युईन हे पेट्रोलपेक्षा जड असते, त्यामुळे एका लिटरमध्ये अधिक ऊर्जा सामावते. शिवाय त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या बराच वर आहे. १९८८ मध्ये होंडाच्या इंजिनांसाठी ८४ टक्के टोल्युईन आणि १६ टक्के हेप्टेन असे मिश्रण वापरले गेले. हेप्टेनचा ऑक्टेन अंक शून्य असतो. ते मिसळण्याचे कारण एवढेच की, नियमानुसार ऑक्टेन अंक १०२ च्या आत ठेवणे भाग होते. या इंधनावर मॅकलॅरेनने त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या.

इंधनाचे बोटांचे ठसे

अशा प्रयोगांना आळा घालण्यासाठी १९९० च्या दशकात फॉर्म्युला वनचे इंधन रस्त्यावरील पेट्रोलच्या जवळ आणण्यात आले. प्रत्येक संघाला आपल्या इंधनाचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. शर्यतीच्या ठिकाणी घेतलेला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीच्या साह्याने मंजूर नमुन्याशी ताडून पाहिला जातो. इंधनातील घटकांचा आलेख बोटांच्या ठशांसारखा असतो.

१९९५ च्या ब्राझील ग्रां प्रीनंतर मायकेल शूमाकर आणि डेव्हिड कुल्टहार्ड यांच्या गाड्यांतील इंधन मंजूर नमुन्याशी जुळले नाही. दोघेही अपात्र ठरले. अपिलात चालकांचे गुण परत मिळाले, संघांचे मात्र गेले. २०२१ च्या हंगेरियन ग्रां प्रीमध्ये दुसऱ्या आलेल्या सेबॅस्टियन वेटेलच्या गाडीतून तपासणीसाठी आवश्यक एक लिटर इंधनाऐवजी ०.३ लिटरच निघू शकले आणि त्याचे दुसरे स्थान गेले.

शिसे आणि डिझेल

ऑक्टेन वाढवण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात असे. अमेरिकेत रस्त्यावरील गाड्यांसाठी त्यावर १९९६ मध्ये पूर्ण बंदी आली. शर्यतींना मात्र सवलत होती. नासकार मालिकेने २००७ मध्ये शिसेविरहित इंधनाकडे वळण्यास प्रारंभ केला. त्यानंतर शर्यतीच्या मैदानांच्या परिसरातील मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण घटल्याचे अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासात आढळले. म्हणजे शर्यतीच्या इंधनाची किंमत केवळ चालकच मोजत नव्हते. २०११ पासून नासकारमध्ये १५ टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरले जाते.

डिझेलची कथा वेगळी आहे. १९५२ मध्येच कमिन्स कंपनीच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसमध्ये अग्रस्थानावरून सुरुवात केली होती. टर्बोचे तोंड रबराच्या कचऱ्याने तुंबल्याने ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. ल मान्समध्ये २००६ साली ऑडी आर-१० ही शर्यत जिंकणारी पहिली डिझेल गाडी ठरली. डिझेलच्या एका लिटरमध्ये अधिक ऊर्जा असते आणि इंजिनही काटकसरी. त्यामुळे २४ तासांत इंधनासाठी कमी वेळा थांबावे लागते. पुढे नियमकर्त्यांना डिझेल गाड्यांच्या टाक्या लहान कराव्या लागल्या. २०१४ पर्यंत ही शर्यत डिझेल गाड्याच जिंकत राहिल्या. २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाचा उत्सर्जन घोटाळा उघड झाला आणि २०१६ अखेर ऑडीने या स्पर्धेतून माघार घेतली.

लिटर, किलो आणि मेगाज्यूल

लिटरच्या मर्यादेतील पळवाटा पाहून फॉर्म्युला वनने पुढे इंधनाचे वजन करण्यास सुरुवात केली. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिने आली, तेव्हा संपूर्ण शर्यतीसाठी १०० किलो आणि इंधनाच्या प्रवाहासाठी ताशी १०० किलो अशी मर्यादा ठरली. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत दुसऱ्या आलेल्या डॅनियल रिकार्डोला प्रवाहाची मर्यादा ओलांडल्याबद्दल अपात्र ठरवण्यात आले. या बंधनाचे फळही मिळाले. २०१७ मध्ये मर्सिडीजच्या इंजिनाने चाचणी यंत्रावर इंधनातील ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जेचे प्रत्यक्ष कामात रूपांतर करून दाखवले.

२०२६ च्या नियमांत आणखी एक पाऊल टाकण्यात आले. आता प्रवाह किलोत न मोजता ऊर्जेत मोजला जातो. मर्यादा आहे ताशी ३ हजार मेगाज्यूलची. त्यामुळे जड किंवा हलके इंधन वापरून वरचढ होण्याची वाट बरीचशी बंद झाली. शिवाय इंधन शंभर टक्के 'शाश्वत' असणे सक्तीचे झाले. म्हणजे त्यातील कार्बन भूगर्भातील तेलातून आलेला नसावा. तो अन्नधान्येतर जैविक पदार्थांतून, शहरी कचऱ्यातून किंवा हवेतून वेगळ्या केलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळवलेला असावा. २००८ मध्ये ५.७५ टक्के जैविक घटक आणि २०२२ मध्ये १० टक्के इथेनॉल हे या प्रवासातील आधीचे टप्पे होते.

हे इंधनही जळताना कार्बन डायऑक्साइड सोडतेच. फरक इतकाच की, तो कार्बन आधी हवेतूनच घेतलेला असतो. कृत्रिम इंधनाच्या बाबतीत पाण्यापासून हायड्रोजन वेगळा काढण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वीज लागते. ती वीज थेट बॅटरीत भरली, तर गाडी कितीतरी अधिक अंतर धावेल, हा आक्षेप रास्त आहे. आणखी एक आकडा लक्षात ठेवावा असा आहे. फॉर्म्युला वननेच २०१९ मध्ये जाहीर केलेल्या हिशेबानुसार, तिच्या एकूण कार्बन उत्सर्जनात शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांचा वाटा अवघा ०.७ टक्के होता. सर्वात मोठा वाटा सामानाच्या जगभरातील वाहतुकीचा होता. तेव्हा इंधन बदलल्याने खेळ स्वच्छ झाला, असे म्हणणे घाईचे ठरेल. रस्त्यावर आधीच असलेल्या कोट्यवधी पेट्रोल गाड्यांना पर्यायी इंधन मिळेल का, याची कसोटी म्हणून या प्रयोगाकडे पाहणे अधिक योग्य.

आपल्या टाकीत काय?

या साऱ्याचा आपल्या रोजच्या गाडीशी संबंध आहे. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि त्या इथेनॉलचा मोठा हिस्सा महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील ऊसपट्ट्यातून येतो. अशा पेट्रोलवर गाडीचे मायलेज थोडे का घटते, याचे उत्तर वर आलेल्या गणितात आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. इथेनॉलच्या चढ्या ऑक्टेनचा फायदा मिळतो, पण तो अधिक दाबासाठी बनवलेल्या इंजिनाला. शर्यतीची इंजिने तशी बनवलेली असतात, आपली जुनी गाडी नसते. याच कारणाने साध्या गाडीत महागडे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल भरून तिची ताकद फारशी वाढत नाही.

उसाच्या रसापासून किंवा मळीपासून न करता टाकाऊ भागापासून इथेनॉल काढणे तांत्रिकदृष्ट्या कठीण आणि खर्चिक आहे. हरयाणातील पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. इंडियानापोलिसच्या गाड्यांत जाळले जाणारे इंधन आणि पेंढा जाळण्याऐवजी त्याचे काय करायचे हा शेतकऱ्यापुढील प्रश्न, हे दोन्ही या एकाच तंत्रज्ञानाशी जोडलेले आहेत. ते स्वस्त झाले, तर त्याचा लाभ शर्यतीच्या मैदानापुरता मर्यादित राहणार नाही.

दृष्टिक्षेपात : कोणत्या शर्यतीत कोणते इंधन?

फॉर्म्युला वन : २०२६ च्या नियमांनुसार शंभर टक्के शाश्वत पेट्रोलवर्गीय इंधन, जोडीला विजेची मोटर.

इंडीकार : २०२३ पासून नूतनीकरणक्षम इंधन, मुख्य घटक इथेनॉल.

नासकार : २०११ पासून १५ टक्के इथेनॉलमिश्रित शिसेविरहित पेट्रोल.

टॉप फ्युएल ड्रॅगस्टर : ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन, उरलेले मिथेनॉल.

ल मान्स व जागतिक एन्ड्युरन्स मालिका : २०२२ पासून वाइननिर्मितीतील अवशेषांपासून बनवलेले इंधन.

मोटोजीपी : २०२४ पासून किमान ४० टक्के खनिज तेलाखेरीजच्या स्रोतांतील घटक, २०२७ साठी शंभर टक्क्यांचा नियम.

फॉर्म्युला ई : इंधन नाही, केवळ बॅटरी. २०१४ मधील पहिल्या हंगामापासून मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ यात सहभागी आहे.